नववी चूल

आमची आत्या नव्या माणसाला नाव विचारत नसे, गाव विचारत नसे, आणि जात तर समोरचा आपणहून सांगू लागला तरी कानावर घेत नसे. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "जेवतं कुठी, बाप्पा?" एकदा कचेरीतला शिपाई कसल्याशा चौकशीला दारात आला. चांगला पट्टेवाला, मिशांना पीळ दिलेला. आत्यानं त्यालाही तेच विचारलं. तो आधी गुरकावला, मग अडखळला, आणि शेवटी ओट्यावर टेकून सांगू लागला, की बायको माहेरी रुसून बसली आहे, आपण बहिणीकडे जेवतो, पण हल्ली मेहुण्याच्या कपाळावर आठ्या दिसतात. जाताना तो एक चूल घेऊन गेला. चौकशी कसली होती ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

चुली करून विकणं हाच तिचा धंदा होता. आता तुम्ही म्हणाल, चूल ही काय विकत घ्यायची वस्तू झाली? घरोघरी बाया आपल्या हातानं घालतात. अगदी खरं. पण कापसाच्या तेजीच्या त्या वर्षांत अमरावतीत जे लोक येऊन पडत होते, त्यांच्याबरोबर बायाच नव्हत्या. नुसते पुरुष. कोणी गाठी उचलायला, कोणी गोदामं राखायला, कोणी पेढीवर लिहायला. ही गोष्ट गावात सगळ्यांना दिसत होती. तिच्यात धंदा आहे हे एकट्या आत्याला दिसलं. ती मूळची अकोल्याच्या जुन्या शहरातली सून. नवरा वारल्यावर सासरच्यांना तिचं तोंड सोसेना आणि तिला त्यांचं जेवण, म्हणून ती मोर्णा नदीचा काठ सोडून इकडे आली आणि कापसाच्या बाजारामागे एक खोली अन् अंगण धरून राहिली.

काळ्या मातीची चूल दोन दिवसांत तडकते. आत्या गावठाणाची पांढरी माती आणायची, तिच्यात घोड्याची लीद आणि मूठभर कापूस कालवायची. पूर्वी कापसाची झाडणी फुकट मिळे. मग सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि आमच्या रानातलं बोंड न् बोंड मोलाचं झालं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. बाजारातल्या जमिनीवरचा मातकट कापूससुद्धा लोक वेचून नेऊ लागले. आत्यानं मूठ काही सोडली नाही. येणारे-जाणारे चिडवत, "काहो आत्याबाई, सोनं कालवून राहिल्या का मातीत?" ती मान वर न करता म्हणायची, "मंग? बिनसोन्याची तुमच्या घरी असंल. माही तडकत नाही."

मी तिच्याकडे आलो तो श्रीमंत व्हायला. माझं नवं लग्न झालेलं, मिसरूड फुटलेलं, आणि गावाकडे नांगर धरायचा कंटाळा. तेजीत दलाली करून बाजार हलवून टाकीन, असा बेत होता. लाल पगडी घेतली. कापसाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो, तोंडानं नाही, एवढं मला ऐकून माहीत होतं. पहिल्याच दिवशी एका व्यापाऱ्यानं रुमालाखाली माझी दोन बोटं दाबली. मी ऐटीत मान हलवली. त्यानंतर तिथं जी बोंबाबोंब झाली, तिच्यात मी नेमकं काय कबूल केलं होतं ते मला आजही सांगता येत नाही. पगडी काखेत मारून मी आत्याच्या अंगणात येऊन लपलो. ती म्हणाली, "आला का बाजार हलवून? बैस. माती तुडव." त्या दिवसापासून माझी दलाली संपली आणि मी आत्याची माती तुडवू लागलो.

त्याच हंगामात एका सकाळी गाड्यांच्या एका लांब तांड्याबरोबर दोन जवान माणसं आत्याच्या दारात उतरली. एक मारवाडी, छोगमल; सुकलेला, डोळ्यांत झोप, काखेत वळकटी. दुसरा परदेशी, रामदीन. परदेशी म्हणजे गोरा साहेब नव्हे. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्याला आमच्याकडे परदेशी म्हणतात. हा गड्यासारखा गडी, हातात कानापर्यंत पोचणारी काठी आणि पितळेचा घासून लखलखीत लोटा. वाटेत कित्येक दिवस दोघं एकाच गाडीच्या सावलीनं चालत आले होते. दोघांच्या चपला सारख्याच फाटलेल्या. आत्यानं दोघांना एकदमच विचारलं, "जेवतं कुठी?" दोघंही एकमेकांकडे पाहून हसले. दोघांनी एकेक चूल घेतली.

रामदीन चूल डोक्यावर घेऊन मागच्या चाळीत गेला. तिथं गोदामाचे हमाल आणि चौकीदार राहत, सगळे त्याच्याच मुलखाकडचे. छोगमल मात्र तिसऱ्या दिवशी चूल जशीच्या तशी घेऊन परत आला. एक काडी पेटलेली नव्हती तिच्यात. "आत्याजी, यो चूल्हो पाछो ले ल्यो," तो ओशाळून म्हणाला. त्याच्या गावाकडच्या एका पेढीवाल्यानं त्याला बाशात घेतलं होतं. बासा म्हणजे मारवाडी लोकांचं एकत्र जेवणघर. पेढीवरचे सगळे एकटे जीव तिथं एका पंगतीला जेवत. मारवाडातून आणलेला महाराज रांधी. नव्या आलेल्याला काम लागेपर्यंत कोणी काही विचारत नसे.

आत्या पैसे द्यायला तयार होती, चूल घ्यायला नव्हती. "इकलेली चूल मी वापस घेत नसते. घर मोडल्यावानी होते. राहू दे इथंच. तुही हाय. लागंल तुले कधी."

"मन्नै? अब कठै लागसी?" छोगमल हसला आणि निघून गेला. ती चूल अंगणाच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली पडून राहिली.

चाळीतली तऱ्हा निराळी. तिथं आठ जण राहत आणि आठ चुली. प्रत्येकाचा चौका वेगळा, सारवलेला, भोवती रेघ ओढलेली. त्या रेघेच्या आत दुसऱ्याचं पाऊल पडलं की स्वयंपाक बाटला. बाजारातले टवाळ म्हणत, "आठ परदेशी, नऊ चुली!" मी एकदा आत्याला विचारलं, माणसं आठ तर नववी चूल कोणाची? ती म्हणाली, "इस्तवाची. एकाच्या चुलीतला इस्तो दुसऱ्याले चालत नाही. मंग मधात एक कोनाचीच नाही अशी चूल पायजे. तिच्यातून सारे घेतीन." असं कुठं असतं का, ते मला माहीत नाही. चाळीत तरी आठच होत्या, मी मोजल्या होत्या. पण आत्या सांगे तेव्हा खरं वाटे.

तेजीची ती वर्षं सरत होती आणि आमच्या डोळ्यांसमोर ते दोघं सारख्या फाटक्या चपलांवरून दोन वाटांनी चालले होते. छोगमल आधी झाडलोट करी, मग वजनाच्या काट्यापाशी उभा राहू लागला, मग लिहिणं त्याच्याकडे आलं. रामदीन पहिल्या वर्षी गाठी उचलत होता. तिसऱ्या वर्षीही गाठीच उचलत होता. मी माझं शहाणपण पाजळलं. म्हटलं, आत्या, मारवाडी मोठा हुशार. आत्यानं मातीचा हात तसाच माझ्या पाठीत घातला. "हुशार तं तूबी होता, लाल पगडीवाल्या! अबे, तो रामदीन छोगमलच्या दुप्पट राबते. पण मारवाडी येते तं पत्ता घेऊन येते. परदेशी येते तं निरी भूक घेऊन. एकाचं जेवन तो पोचायच्या आंधी शिजून ऱ्हायते. दुसरा दिवसभर गाठी उचलते अन् संध्याकायी फुकनी फुकत बसते. त्याले शिकाले येळ कव्हा भेटंल?"

म्हणून मारवाड्याचं सगळं सोनं होतं असं नाही. गावाकडे मारवाडी सावकाराचं नाव काढलं की लोक तोंड कडू करत, आणि त्याला कारणंही होती. पण या पोरांचं पाहिलं तर पेढीच्या ओट्यावर दाटीवाटीनं झोपायचं, सेठजी उठायच्या आत उठायचं, आणि लग्नाची बायको वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहायची नाही. छोगमल सणावाराला आत्याच्या ओट्यावर येऊन गप्प बसायचा. बाशात पंगत भरलेली, पोट भरलेलं, आणि तरी बसायचा. रामदीनचं उलटं. त्याची दाळ पातळ, पण चुलीपाशी बसला की तो मोठ्यानं गायचा, आणि चाळीत कोणाची हिंमत नव्हती त्याच्या रेघेच्या आत बोट घालायची. आत्या म्हणे, "एकाच्या घरी सारंच हाय, त्याचं सोताचं काहीच नाही. दुसऱ्याच्या घरी काहीच नाही, पण जे हाय ते सोताचं हाय. सांग बरं, कोन बरा?" मी माती तुडवत असे.

मग ती दूरची लढाई संपल्याची खबर आली आणि बाजार एका आठवड्यात ओस पडला. इकडे बडनेऱ्यापर्यंत आगगाडी येणार म्हणून भरावाची माती पडत होती, तिकडे गोदामांना कुलपं लागत होती. छोगमलची पेढी हादरली, पण बासा चालू राहिला. पंगतीत तुपाऐवजी ताक आलं, इतकंच. चाळीतल्यांना मात्र कोणी उद्या या म्हणेना. त्या पावसाळ्यात रामदीन तापानं पडला.

चाळीतले सोबती निर्दय नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. ते आळीपाळीनं त्याच्या दाराशी बसत, वारा घालत, काढा आणत. पण शिजलेला घास कोण देणार? त्यांच्यात याच्या हातचं त्याला चालत नाही आणि त्याच्या हातचं याला. रामदीनला उठून रांधायची ताकद नव्हती, दुसऱ्याचं खायची तयारी नव्हती. तो दिवसेंदिवस नुसत्या पाण्यावर वाळत चालला. आत्यानं हे ऐकलं आणि ती चाळीत शिरली. "मरून राहिला तो अन् तुमी गोत्र मोजून राहिले?" असं ओरडतच तिनं रेघ ओलांडली, त्याच्या थंड चुलीत काटक्या सारल्या आणि बरोबर नेलेल्या ज्वारीच्या कण्या गरम करायला ठेवल्या.

मी दारात उभा होतो. रामदीननं मान उचलून पाहिलं. तो रागावला नाही. तेवढा धडधाकट गडी, पण त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "आत्याजी, ई का कीन्हा?" हे काय केलंत, एवढंच तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. संध्याकाळी त्याच्या सोबत्यानं ती बाटलेली चूल फोडून बाहेर टाकली. आता त्याच्यापाशी चूलही उरली नाही.

जन्मभर चुली घातलेल्या बाईच्या हातून एक चूल मोडली होती. त्या रात्री आत्या जेवली नाही. मी समजूत घालायला गेलो, "आत्या, तू तर भल्यासाठीच..." ती म्हणाली, "गन्या, भल्यासाठी केलं म्हून त्याच्या पोटात गेलं का? तो मेला तं माह्या हातानं मेला." पहाटे उठून तिनं कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं आणि मला म्हणाली, "उचल. अन् बाशात चाल."

बाशाच्या दारात तिनं महाराजाला गाठलं. त्याला तिनं एकच गोष्ट विचारली : तुमच्या मुलखात अन् परदेशी लोकांच्या मुलखात, दोघांनाही चालेल असं शिजवलेलं काय? महाराज जाडजूड, कपाळावर गंध, सकाळी सकाळी बाईमाणसानं दारात येऊन हटकल्यामुळे वैतागलेला. तरी प्रश्न त्याच्या विद्येचा होता. तो म्हणाला, पाण्यात शिजलं ते कच्चं. ते ज्यानं त्यानं आपल्यातच खावं. तुपात तळलं किंवा दुधात शिजलं ते पक्कं; ते ब्राह्मणाच्या हातचं कोणालाही चालतं. पण चूल कोरी हवी. आणि मी इथून हलणार नाही. परदेशी लोकांच्या चाळीत जाऊन रांधायला मी काय रस्त्यावर पडलो आहे?

तेवढ्यात आतून छोगमल आला. माझ्या डोक्यावरची चूल त्यानं ओळखली. काय झालं ते आत्यानं दोन वाक्यांत सांगितलं. तो थोडा वेळ बोटांनी चुलीची कड चाचपत राहिला. मग महाराजाला म्हणाला, "चूल्हो म्हारो है। म्हारै चूल्है पर रांधो, महाराज। पावणो म्हारो।" पाहुणा माझा, असं म्हटल्यावर बाशाच्या महाराजाला नाही म्हणता येत नाही, बाशाची सगळी इमारतच त्या एका शब्दावर उभी. तो कुरकुरत निघाला, पण निघाला.

चाळीच्या बाहेर, कोणाच्याच रेघेत नाही अशी जागा सारवली. चूल मांडली. महाराजानं दुधात मूठभर तांदूळ टाकून पातळसर खीर शिजवली. आत्या लांब, पार नालीपलीकडे जाऊन उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. आपल्या हातांवर तिचा आता भरवसा नव्हता. आतून रामदीनचा आवाज आला, अगदी बारीक : "केकर चूल्हा?"

"छोगमलजी का," मी ओरडलो. "कोरा है! कभी जला नहीं!"

"पानी?"

"एक बूँद नहीं, रामदीनजी. दूध में."

चाळीतले उरलेले सातही जण माना लांबवून दाराकडे बघत होते. मग आतून लोटा सरकल्याचा आवाज आला. पितळेचा, लखलखीत. तो बाहेर आला तेव्हा आत्यानं तोंड फिरवलं आणि नालीत थुंकल्याचं नाटक केलं. ती रडत होती.

रामदीन वाचला. खीर आणखी काही दिवस शिजत राहिली, मग तो स्वतः उठला. आत्यानं त्याला नवी चूल करून दिली, सोनं घातलेली, आणि ती रेघेबाहेर ठेवून आली. कोपऱ्यातली चूल पुन्हा कोपऱ्यात गेली. आता तिला सगळे नववी चूल म्हणू लागले.

पुढं आगगाडी आली, बाजार पुन्हा कसाबसा उभा राहिला, छोगमलनं स्वतःचं लहानसं दुकान काढलं आणि मारवाडातून बायको आणली. रामदीन त्याच दुकानाच्या गोदामावर चौकीदार लागला. हमालीतून चौकीदारीत येणं ही त्याच्या मते मोठीच बढती होती; आत्या हसून म्हणे, "झाला बाप्पा रामदीनबी शेठ, काठी तेवढी जुनीच हाय." तेजीच्या काळात दोघं एका सकाळी एका दारात उतरले होते. आता एक गादीवर बसे, दुसरा त्याच गादीच्या दाराबाहेर.

आत्या गेली ती थंडीत, दोन दिवसांच्या दुखण्यानं. अकोल्याकडचे नातेवाईक पोचेपर्यंत थांबता येत नव्हतं. दुपारी स्मशानातून परतलो तर घरात मी आणि माझी बायको. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे शिजवून आणतात, तेव्हा घरच्यांच्या पोटात घास जातो. पण आमचे शेजारी कोण? एका बाजूला गोदाम, दुसऱ्या बाजूला ती चाळ, जिथं कोणी जन्मात कोणाला शिजवून दिलेलं नाही. बायको म्हणाली, "आज उपास घडते, असं दिसते."

थोड्या वेळानं चाळीतला एक जण आला. फडक्यात दोन रोट्या. ओट्यावर ठेवल्या आणि गेला. मग दुसरा आला. मग तिसरा. प्रत्येकानं आपापल्या चुलीवर, आपापल्या रेघेच्या आत भाजून आणलेल्या. एकत्र नाही आले. एकेक करून आले, आणि आधीच्याच्या फडक्याला आपलं फडकं लागू न देता ठेवून गेले. ओट्यावर फडक्यांची रांग झाली. मी मोजली नाही. मोजायची गरज नव्हती.

शेवटी छोगमल आला. मला वाटलं, मागून त्याच्या घरचा गडी भांडं घेऊन येत असेल. पण तो एकटाच होता. अंगरखा काढून त्यानं खुंटीला लावला, कोपऱ्यात गेला, आणि नववी चूल अंगणाच्या मधोमध आणून ठेवली. "म्हारी है," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. उपरण्यात त्यानं बाजरीचं पीठ आणलं होतं. त्याला चूल पेटवता येत नव्हती. ज्या माणसाचं जेवण तो पोचायच्या आधी शिजून तयार असे, त्याला कशी यावी? धुरानं डोळे लाल झाले, काटक्या विझल्या, पुन्हा विझल्या.

रामदीन त्याच्या मागोमाग आला होता. तो चार हात लांब उकिडवा बसला, काठी आडवी धरून. त्यानं चुलीला हात लावला नाही. "लकड़ी भीतर करीं सेठ... अइसे नाहीं... पहिले पतरकी... अब फूँकीं. अरे धीरे फूँकीं, आन्ही ना हवे!" आधी बारीक काटक्या, मग फुंकर, आणि तीही हळू, वादळासारखी नव्हे. छोगमल फुंकत होता. त्याच्या गालांवर राख. शेवटी एकदाचा जाळ लागला.

भाकर कडेला करपली आणि मधे कच्ची राहिली. छोगमलनं ती दोन्ही हातांनी आमच्यापुढं धरली. बाकीच्या रोट्या पांढऱ्याशुभ्र, फुगलेल्या, ओट्यावर वाट पाहत होत्या. मी आधी ती करपलेली घेतली, अर्धी बायकोला दिली.

"कैसी है?" रामदीननं लांबून विचारलं. छोगमलला विचारायचा धीर नव्हता.

"चांगली आहे," मी म्हटलं. बायकोनंही मान हलवली. पाणी मात्र आम्ही दोघांनी दोनदा घेतलं.